औद्योगिक नियंत्रण प्रणालींची सुरक्षितता आणि विश्वासार्हता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औद्योगिक नियंत्रण प्रणालीत कोणकोणते भाग येतात?

तापमान, दाब, पातळी, प्रवाह आणि वेग मोजणारे सेन्सर व ट्रान्समीटर, त्या मोजमापांवरून निर्णय घेणारा नियंत्रक, निर्णय अमलात आणणारे व्हॉल्व्ह, मोटारी, ड्राइव्ह आणि रिले, तसेच हे सारे ऑपरेटरला दाखवणारा पडदा, अशी ही साखळी असते. यांना जोडणारे वायरिंग, नेटवर्क आणि वीजपुरवठा हेही प्रणालीचेच भाग आहेत, मात्र खरेदीच्या चर्चेत त्यांचा उल्लेख शेवटी येतो. नियंत्रकाच्या प्रोसेसरवर तासन्‌तास खल होतो आणि टर्मिनल पट्टीवरचा स्क्रू घट्ट आहे का, हे पाहायचे राहून जाते. प्रत्यक्षात उत्पादन थांबवणारे बिघाड बहुधा प्रोसेसरमध्ये होत नाहीत. ते साखळीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे मोजणाऱ्या आणि हालणाऱ्या उपकरणांत होतात.

पीएलसी (प्रोग्राम करता येणारा औद्योगिक नियंत्रक) आणि साधा संगणक यांत फरक काय?

१९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या अवाढव्य पॅनेलांना पर्याय हवा होता. गाडीचे मॉडेल बदलले की सारे वायरिंग उसकटून पुन्हा करावे लागे. त्या मागणीतून डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘मोडिकॉन ०८४’ हा पीएलसी पुढे आला. रिलेंच्या आराखड्यांची सवय असलेल्या विद्युत तंत्रज्ञांना तो वाचता यावा म्हणून त्याची भाषा शिडीसारख्या आकृतीची ठेवली गेली आणि ती आजही वापरात आहे.

खरा फरक काम करण्याच्या पद्धतीत आहे. पीएलसी आधी सर्व इनपुट वाचतो, मग प्रोग्राम वरून खाली क्रमाने चालवतो, शेवटी आउटपुट लिहितो आणि लगेच पुढची फेरी सुरू करतो. अशी एक फेरी साधारणपणे काही मिलिसेकंदांपासून काही डझन मिलिसेकंदांपर्यंत चालते. याचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही: फेरीच्या कालावधीपेक्षा लहान असलेला सिग्नल पीएलसीला दिसेलच याची खात्री नसते, म्हणून वेगवान पल्स मोजण्यासाठी स्वतंत्र मॉड्यूल लागते. फेरी ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही, तर वॉचडॉग टायमर प्रोसेसरला थांबवतो आणि आउटपुट आधी ठरवलेल्या स्थितीत जातात. वॉचडॉगला प्रोसेसर चालू आहे की नाही एवढेच कळते. प्रोग्राममधील तर्क बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही.

डीसीएस (कारखानाभर विभागलेली, एकत्र जोडलेली नियंत्रण प्रणाली) घ्यावी की पीएलसी?

सलग चालणारी मोठी प्रक्रिया, शेकडो लूप (मोजमाप, निर्णय आणि क्रिया यांच्या साखळ्या) आणि एकच सामाईक माहितीसाठा असेल तर डीसीएस सोयीची ठरते. स्वतंत्र यंत्रे, वेगवान क्रिया आणि वारंवार होणारे बदल असतील तर पीएलसी. दोन्हींमधील सीमारेषा आता पुष्कळ पुसट झाली आहे, त्यामुळे या निवडीवर अवाजवी वेळ घालवू नये. सुरक्षितता या निवडीवर फारशी अवलंबून नसते.

सुरक्षितता आणि विश्वासार्हता या दोन्ही गोष्टी एकच आहेत का?

नाहीत, आणि पुष्कळदा त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. विश्वासार्ह प्रणाली विनाकारण थांबत नाही. सुरक्षित प्रणाली थांबायला हवे तेव्हा नक्की थांबते. समजा, एका पात्रावर दाब मोजणारे दोन ट्रान्समीटर आहेत. दोघांपैकी कोणत्याही एकाने जास्त दाब दाखवला की ट्रिप, म्हणजे प्रक्रिया आपोआप बंद, असा तर्क ठेवला तर धोका निसटण्याची शक्यता कमी होते, पण एका ट्रान्समीटरच्या बिघाडानेही सारे बंद पडते. दोघांनीही दाखवल्यावरच ट्रिप, असे ठरवले तर विनाकारण होणारे शटडाउन घटतात, मात्र एक ट्रान्समीटर गोठला की संरक्षण संपते. म्हणूनच महत्त्वाच्या ठिकाणी तीन ट्रान्समीटर बसवून तिघांपैकी दोघांचे मत मानतात. एक बिघडला तरी प्रक्रिया चालू राहते आणि संरक्षणही टिकते.

अर्थात तीन ट्रान्समीटर म्हणजे तीन स्वतंत्र साक्षीदार, असे आपोआप होत नाही. तिघेही एकाच नळीतून दाब घेत असतील आणि ती नळी गाळाने तुंबली, तर तिघेही एकमताने चुकीचे सांगतील. एकाच कारणाने अनेक उपकरणे एकदम निकामी होण्याचा हा धोका कागदावरच्या आकृतीत दिसत नाही. तो शोधण्यासाठी प्रत्यक्ष जागेवर जाऊन प्रत्येक नळी, केबल आणि फ्यूज कुठून येतो ते पाहावे लागते.

व्यवस्थापनाला उपलब्धतेचे आकडे आवडतात, म्हणून एक हिशेब इथे देतो: ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद आणि ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. हे आकडे केवळ उत्पादनाबद्दल बोलतात. ट्रिप व्हायला हवे होते त्या क्षणी झाले का, याचे उत्तर त्यांत नसते.

नियंत्रण करणाऱ्या पीएलसीलाच सुरक्षेचे कामही का देऊ नये?

कारण धोका पुष्कळदा नियंत्रण चुकल्यामुळेच निर्माण होतो. पातळी सांभाळणारा लूप चुकीच्या मोजमापावर चालत असेल आणि तेच मोजमाप जास्त पातळीचे ट्रिपही ठरवत असेल, तर दोन्ही एकदम आंधळे होतात. म्हणून सुरक्षा प्रणालीला स्वतःचा सेन्सर, स्वतःचा नियंत्रक आणि शक्य तिथे स्वतःचा व्हॉल्व्ह असावा.

मात्र वेगळे उपकरण बसवले की काम झाले, असेही नाही. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड इंधन साठ्यात एका टाकीत पेट्रोल भरले जात होते. पातळी मोजणारे गेज पहाटे अडकले आणि पडद्यावर आकडा स्थिर दिसत राहिला. टाकी मात्र भरतच होती. ऑगस्टच्या अखेरीपासून त्या दिवसापर्यंत हे गेज १४ वेळा अडकले होते. त्याच्यापलीकडे संरक्षणासाठी स्वतंत्र उच्च-पातळी स्विच होता, पण त्याच्या चाचणीचा दांडा योग्य स्थितीत धरून ठेवणारे कुलूप बसवलेले नव्हते आणि त्यामुळे स्विच निकामी होता. पेट्रोल ओसंडून वाहिले, वाफेचा ढग पसरला आणि सकाळी सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. रविवारची पहाट असल्यामुळे जीवितहानी टळली.

या घटनेतील दोन्ही उपकरणांनी कोणतीही तक्रार केली नव्हती. नियंत्रण लूप बिघडला की उत्पादन डळमळते आणि कोणीतरी धावत येतो. सुरक्षेचे उपकरण वर्षानुवर्षे गप्प असते आणि बिघडले तरी गप्पच राहते. या पानावरील बहुतेक उत्तरे या एकाच अडचणीभोवती फिरतात.

‘सिल’ (सेफ्टी इंटेग्रिटी लेव्हल) पातळी म्हणजे काय?

एखादे संरक्षण मागणीच्या वेळी निकामी सापडण्याची सरासरी शक्यता किती असावी, याचा तो दर्जा आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६१५०८ या मानकात चार पातळ्या आहेत. क्वचित वापरात येणाऱ्या संरक्षणासाठी सिल १ म्हणजे धोका १० ते १०० पटींनी कमी होणे, सिल २ म्हणजे १०० ते १,००० पटींनी आणि सिल ३ म्हणजे १,००० ते १०,००० पटींनी. सिल ४ प्रक्रिया उद्योगात (रसायन, तेल यांसारख्या) जवळजवळ वापरलीच जात नाही. तिची गरज भासू लागली तर मूळ प्रक्रियेचाच आराखडा पुन्हा तपासावा, हे बरे. प्रक्रिया उद्योगासाठी आयईसी ६१५११ आणि यंत्रांसाठी आयएसओ १३८४९ ही मानके प्रामुख्याने वापरतात.

विक्रेते ‘आमचा ट्रान्समीटर सिल २ आहे’ असे सांगतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की तो अशा संरक्षणात वापरण्यास योग्य आहे. सिल ही पातळी सेन्सर, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह मिळून बनलेल्या संपूर्ण कार्याची असते. प्रमाणपत्र असलेला ट्रान्समीटर आणि न तपासलेला, गंजलेला व्हॉल्व्ह यांची बेरीज सिल २ होत नाही.

बिघाड झाला तरी सुरक्षित राहील अशी रचना कशी करतात?

ऊर्जा गेली की सुरक्षित स्थिती यावी, हे मूळ तत्त्व. ट्रिपचा सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने हलणारा) व्हॉल्व्ह नेहमी विजेवर धरलेला असतो. वायर तुटली, फ्यूज गेला किंवा पुरवठा बंद पडला तर तो सुटतो आणि ट्रिप होते. इंधनाचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर स्प्रिंगने बंद व्हावा, तर थंड पाण्याचा उघडावा. कोणती स्थिती सुरक्षित आहे, हे प्रत्येक व्हॉल्व्हसाठी प्रक्रिया जाणणाऱ्या माणसाने ठरवायचे असते. सरसकट ‘बंद म्हणजे सुरक्षित’ असे धरल्याने अपघात ओढवू शकतो. आणीबाणीचे बटण आणि दरवाजाचे स्विच यांचे संपर्क नेहमी जोडलेले असतात, ते याच कारणासाठी: केबल कापली गेली तर यंत्राला बटण दाबल्यासारखेच वाटले पाहिजे.

४ ते २० मिलिअँपिअर सिग्नलची खुबीही तीच. शून्य मोजमापालाही ४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, त्यामुळे तुटलेली वायर आणि रिकामी टाकी यांत गल्लत होत नाही. नामूर या प्रक्रिया उद्योगातील स्वयंचलन वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीनुसार ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी आणि २१ मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह हा मोजमाप नसून बिघाडाचा इशारा मानतात. पुष्कळ प्रोग्राम हा इशारा वाचतच नाहीत आणि सिग्नल नुसता ० ते १०० टक्क्यांत दाबून बसवतात. ट्रान्समीटर स्वतःचा बिघाड ओरडून सांगत असतो आणि प्रोग्राम त्याचे ‘टाकी रिकामी’ असे भाषांतर करतो. ही सुधारणा विनाखर्च होते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी.

संरक्षणाची चाचणी किती वेळाने घ्यावी?

याचे उत्तर गणितातून येते, सवयीतून नव्हे. न दिसणाऱ्या धोकादायक बिघाडाचा दर आणि दोन चाचण्यांमधील काळ यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग म्हणजे ढोबळमानाने संरक्षण निकामी असण्याची सरासरी शक्यता. एखाद्या संरक्षणाचा असा बिघाड-दर वर्षाला ०.०१ असेल आणि दरवर्षी चाचणी होत असेल, तर ही शक्यता ०.००५ येते, म्हणजे सिल २च्या मर्यादेत. तेच उपकरण दर चार वर्षांनी तपासले तर शक्यता ०.०२ होते आणि संरक्षण सिल १वर घसरते. एकही वायर न बदलता, केवळ चाचणी लांबवून, दर्जा उतरतो. उत्पादनाच्या दबावाखाली चाचणी पुढे ढकलणाऱ्याने नेमके कशावर सही केली, हे त्याला या हिशेबासह दाखवावे.

चाचणी सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण असावी. पडद्यावरून सिग्नल बदलून ‘ट्रिप झाले’ असा संदेश पाहणे म्हणजे फक्त मधला, सर्वांत भरवशाचा भाग तपासणे होय. व्हॉल्व्ह खरोखर हलला का, किती सेकंदांत बंद झाला आणि बंद झाल्यावर गळतो का, हे पाहावे. प्रक्रिया थांबवणे शक्य नसेल तेव्हा व्हॉल्व्ह थोडासाच हलवून पाहण्याची पद्धत आहे. तिने तो अडकलेला नाही हे कळते, पण तो पूर्ण बंद होतो याची खात्री मिळत नाही.

दुरुस्तीसाठी इंटरलॉक (धोक्याची क्रिया अडवणारी संरक्षक अट) बायपास करावा, म्हणजे तात्पुरता निष्क्रिय ठेवावा लागतो. ते चुकीचे आहे का?

बायपास करणे चुकीचे नाही. तो विसरणे घातक आहे. प्रत्येक बायपासला लेखी परवानगी, कारण, संपण्याची वेळ आणि त्या काळातले पर्यायी संरक्षण हवे, मग तो पर्याय गेजसमोर उभा केलेला माणूस का असेना. पाळी बदलताना चालू बायपासांची यादी वाचून दाखवावी आणि ते नियंत्रण कक्षातील पडद्यावर सतत दिसावेत. पॅनेलमध्ये वायरचा तुकडा लावून केलेला बायपास कोणत्याही यादीत येत नाही, म्हणून तो कडकपणे बंद करावा. प्रोग्राममध्ये ‘फोर्स’ करून, म्हणजे खरे मोजमाप डावलून हाताने ठरवून ठेवलेले इनपुट हाही बायपासच होय.

यंत्रांवर प्रकाश-पडदा (किरण अडले की यंत्र थांबवणारे साधन) बसवला की कामगार सुरक्षित झाला का?

पडदा योग्य अंतरावर असेल तरच. हात आत गेल्यापासून यंत्र पूर्ण थांबेपर्यंत लागणाऱ्या काळात तो धोक्यापर्यंत पोहोचता कामा नये. जवळच्या अंतरासाठी आयएसओ १३८५५ हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरते. एकूण थांबण्याचा काळ ०.१५ सेकंद असेल तर निदान ३०० मिलिमीटर अंतर लागते आणि त्यात पडदा किती लहान वस्तू ओळखतो त्यानुसार आणखी भर पडते. ब्रेक झिजून हाच काळ ०.२ सेकंद झाला तर लागणारे अंतर १०० मिलिमीटरने वाढते, पण पडदा मात्र जुन्याच जागी असतो. म्हणून थांबण्याचा काळ ठराविक मुदतीने उपकरण लावून मोजावा लागतो.

आणीबाणीचे बटण हे पूरक साधन आहे. संरक्षक जाळी, पडदा किंवा दरवाजाच्या इंटरलॉकला तो पर्याय ठरत नाही. देखभालीसाठी आत शिरताना तर केवळ बटणावर विसंबू नये. वीज, हवा आणि हायड्रॉलिक दाब तोडून, कुलूप लावून, साठलेली ऊर्जा उरली नाही हे तपासूनच हात घालावा.

ऑपरेटर अलार्मकडे लक्ष देत नाहीत. काय करावे?

आधी अलार्म किती वाजतात ते मोजावे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यापूर्वीच्या अखेरच्या सुमारे ११ मिनिटांत ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. इतक्या गोंगाटात महत्त्वाचा इशारा वेगळा ओळखणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. तिथे ऑपरेटरला दोष देणे अन्यायाचे आहे.

दीर्घकाळाची सरासरी दहा मिनिटांना एक अलार्म एवढी असेल तर ती सांभाळता येण्याजोगी मानतात आणि दहा मिनिटांत दहाहून अधिक आले की त्याला अलार्मांचा पूर समजतात. ज्यावर ऑपरेटरने काहीही करायचे नसते तो अलार्म नसून नोंद आहे; तो आवाजाशिवाय नोंदवहीत जावा. सर्वाधिक वाजणारे दहा अलार्म शोधून दुरुस्त केले, तर एकूण संख्या पुष्कळ खाली येते.

आमची प्रणाली इंटरनेटला जोडलेली नाही. तरीही सायबर धोका आहे का?

आहे. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने इराणमधील नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे) लक्ष्य केले. ते जाळे इंटरनेटपासून तोडलेले होते आणि हा विषाणू यूएसबी साधनांतूनही पसरत होता. सेंट्रिफ्यूजचा वेग बिघडवताना त्याने ऑपरेटरांच्या पडद्यावर आधी साठवलेली नेहमीची मोजमापे दाखवली. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षातील संगणकांचा दुरून ताबा घेऊन ब्रेकर उघडले आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर जोडले म्हणून काही तासांत पुरवठा परतला. हाताने काम चालवण्याची तयारी शाबूत ठेवणे हा सायबर संरक्षणाचाच भाग आहे.

सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत अस्वस्थ करणारी घटना २०१७ मधली. सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात ‘ट्रायटन’ या घातक प्रोग्रामने थेट सुरक्षा नियंत्रकावर ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला. त्या नियंत्रकाची किल्ली प्रोग्राम बदलण्याच्या स्थितीत ठेवलेली होती. हल्ल्यातील दोषामुळे नियंत्रक सुरक्षित स्थितीत गेला आणि कारखाना बंद पडला, म्हणून हा प्रकार उघड झाला. किल्ली ‘रन’वर फिरवून काढून घेणे हा बहुधा जगातला सर्वांत स्वस्त सायबर उपाय असेल.

आयईसी ६२४४३ मानक जाळ्याचे विभाग पाडायला आणि विभागांमधली प्रत्येक वाट मोजून-मापून ठेवायला सांगते. हे आवश्यक आहे, कारण १९७९ सालच्या मॉडबससारखे जुने प्रोटोकॉल आज्ञा देणाऱ्याची ओळख विचारतच नाहीत. जाळ्यात शिरलेला कोणीही व्हॉल्व्ह उघडू शकतो. बाहेरून देखभाल करणाऱ्यांचा दूरस्थ प्रवेश कायम चालू न ठेवता मागणीनुसार उघडावा आणि काम संपताच बंद करावा.

सॉफ्टवेअरचे पॅच (दोष दुरुस्त करणारे बदल) लगेच बसवावेत का?

कार्यालयीन संगणकांसारखे लगेच नाही. आधी तशाच चाचणी-संचावर तपासून मग नियोजित शटडाउनमध्ये बसवावेत, आणि तोवर त्या उपकरणाकडे जाणारी वाट फायरवॉलने अरुंद करावी.

वारंवार, कारण न कळता फॉल्ट येतात. कुठून शोध सुरू करावा?

वीजपुरवठा, उष्णता आणि अर्थिंग, या क्रमाने. पुरवठा-युनिटमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. पॅनेलच्या पंख्याची तुंबलेली जाळी ही म्हणूनच किरकोळ बाब नसते. दोन पुरवठा-युनिटे लावली असतील तर ती एकाच ब्रेकरवर नाहीत ना, ते पाहावे. ड्राइव्हच्या केबल आणि मोजमापाच्या केबल एकाच ट्रेमधून नेऊ नयेत. ॲनालॉग सिग्नलच्या केबलचे शील्ड सहसा एकाच टोकाला अर्थ करावे, नाहीतर दोन अर्थांमधील विभवांतराने त्यातून प्रवाह वाहतो आणि आकडे नाचू लागतात. फॉल्टची नेमकी वेळ टिपून ठेवली तर उलगडा लवकर होतो. तो दरवेळी एखादी मोठी मोटार सुरू होताना येत असेल, तर प्रोग्राममध्ये डोके घालण्याची गरज नाही.

प्रोग्राममध्ये छोटासा बदल करायचा आहे. त्यासाठीही परवानगी हवी का?

हवी. टायमरची एक किंमत बदलणे हाही बदलच आहे. कोणी, का, काय बदलले आणि बदलानंतर काय तपासले, एवढे तरी नोंदवावे. चालू प्रोग्राम आणि साठवलेली प्रत यांची ठराविक मुदतीने तुलना करावी; फरक सापडला आणि त्याचा धनी सापडला नाही, तर तो फरक संशयितच मानावा. बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी आणि ती सुट्या नियंत्रकावर प्रत्यक्ष चढवून पाहावी. परवान्याची किल्ली, जुन्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा लॅपटॉप यांपैकी एक जरी नसेल, तरी ती प्रत कामाची नाही.

वीस वर्षांची प्रणाली अजून चालते आहे. ती बदलावी का?

वयापेक्षा सुटे भाग आणि जाणकार माणसे मिळतात का, यावर हे ठरवावे. उत्पादकाने भाग बंद केले असतील आणि प्रोग्राम समजणारा एकच माणूस उरला असेल, तर बदलाचे नियोजन आजच सुरू करावे, कारण नादुरुस्त झाल्यावर घाईत केलेला बदल सर्वांत धोकादायक असतो. जुन्या प्रोग्राममध्ये कागदावर कुठेही नसलेले अनेक इंटरलॉक दडलेले असतात. ते प्रक्रिया जाणणाऱ्यांसोबत एकेक करून उतरवून घ्यावेत, नवा प्रोग्राम केवळ मूळ आराखड्यावरून लिहू नये. नव्या प्रणालीची स्वीकृती-चाचणी उत्पादकाकडे एकदा आणि जागेवर पुन्हा घ्यावी. जागेवरच्या चाचणीत प्रत्येक लूप सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत तपासावा, प्रत्येक ट्रिप त्याच्या खऱ्या कारणाने घडवून पाहावी आणि व्हॉल्व्हजवळ उभ्या असलेल्या माणसाने तो हलल्याचे कळवल्यावरच सही करावी.